मनाची मोजणी आणि नागपूर रूपांतर

देशातील कोणत्याही मोठ्या शहरातल्या बालमार्गदर्शन केंद्राचे किंवा मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचे दफ्तर उघडून बौद्धिक विकासात मागे राहिलेल्या मुलांचे अहवाल चाळले, तर त्यांतील पुष्कळशा कागदांवर, मग ते बंगळूरचे असोत, लखनौचे असोत की मुंबईचे, आपल्या गावाचे नाव आढळते : ‘व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी, नागपूर रूपांतर’. संत्र्यांमुळे आणि शून्य मैलाच्या दगडामुळे ज्या गावाची ओळख सर्वांना आहे, त्याच गावाने लहान मुलांचे मन मोजण्याचे एक माप सबंध देशाला दिले आहे ही गोष्ट मात्र, धरमपेठेसारख्या शिकल्यासवरल्या लोकांच्या वस्तीतही, फार थोड्यांना ठाऊक असते. जिच्या पदरी असे मूल आहे त्या आईच्या हातात तो कागद येतो, त्यावरचा आकडा ती वाचते, आणि त्या आकड्यावर विश्वास किती ठेवावा व त्याचा अर्थ काय घ्यावा, हे तिला कोणीच सांगत नाही. त्या दोन प्रश्नांसाठीच हा लेख आहे.

नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर जे. मॅलिन यांनी १९६०–७० च्या दशकात दोन मोठी कामे तडीस नेली. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातल्या व्हाइनलँड येथील शिक्षणसंस्थेत एडगर डॉल यांनी १९३५ साली सिद्ध केलेली सामाजिक परिपक्वतेची श्रेणी भारतीय मुलांसाठी रूपांतरित करणे हे पहिले, १९६५ चे. आणि न्यूयॉर्कचे डेव्हिड वेक्सलर यांच्या १९४९ च्या बालबुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूप तयार करणे हे दुसरे, जे १९६९ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले आणि आजही ‘मॅलिन यांची भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी’ या नावाने वापरात आहे. पहिल्या श्रेणीत मुलाला काहीच विचारीत नाहीत. ते स्वतः जेवते का, कपडे घालते का, रस्त्याने एकटे जाते का, पैशांचा व्यवहार करते का, हे त्याला रोज पाहणाऱ्या माणसाला, बहुधा आईला, विचारून त्यावरून मुलाचे ‘सामाजिक वय’ काढले जाते. दुसऱ्या श्रेणीत मुलाची प्रत्यक्ष परीक्षा असते : काही उपकसोट्या शाब्दिक, काही ठोकळे जुळविण्याच्या, आकडे उलटसुलट म्हणण्याच्या, चक्रव्यूहातून वाट काढण्याच्या. एकीत साक्ष दुसऱ्याची, दुसरीत कृती स्वतःची. म्हणून दोहोंत होणाऱ्या चुकाही निरनिराळ्या प्रकारच्या असतात.

कोणत्याही मापाविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात आणि ते एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. जमिनीच्या मोजणीचा दाखला घेऊ, कारण आपल्या महसूल खात्याने तो शतकभर आपल्या डोळ्यांसमोर ठेवला आहे. मोजणीदाराची साखळी आज एक क्षेत्र दाखवील आणि उद्या त्याच शेताचे दुसरेच दाखवील, तर ती साखळी टाकून द्यावी लागेल. तीच साखळी पुन्हा पुन्हा लावून, वेगवेगळ्या मोजणीदारांनी लावून, क्षेत्र तेवढेच येत असेल, तर ती विश्वसनीय ठरते. पण क्षेत्र अचूक निघाले म्हणून शेतसारा केवळ क्षेत्रावर बसविला, तर काळ्या कसदार जमिनीचा आणि बरड माळाचा धनी यांना सारखाच भार सोसावा लागून उघड अन्याय होईल. म्हणूनच बंदोबस्ताच्या वेळी जमिनीची प्रतवारी वेगळी करण्याचा शिरस्ता पडला. साखळीत कसूर नव्हती. साखळीने दिलेल्या आकड्यावरून कस किती हे ठरवू पाहणे हीच चूक झाली असती. माप स्वतःशी सुसंगत आहे की नाही, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. आणि त्या मापावरून आपण जो निष्कर्ष काढतो तो काढण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हा सप्रमाणतेचा प्रश्न.

विश्वसनीयता गणिताने काढता येते, आणि तिची रीत १९०४ साली चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने घालून दिली. तीच कसोटी काही आठवड्यांनी त्याच मुलांना पुन्हा द्यावी, अथवा कसोटीचे सम आणि विषम प्रश्न वेगळे करून दोन्ही अर्ध्यांचे गुण ताडून पाहावेत, अथवा दोन परीक्षकांनी एकाच आईची स्वतंत्रपणे मुलाखत घ्यावी, आणि त्या दोन गुणमालिकांमधला सहसंबंध काढावा. तो शून्यापासून एकापर्यंत कोठेतरी येतो, आणि एकाच्या जितका जवळ तितके माप भरवशाचे. ज्या मापावर एखाद्या मुलाचे भवितव्य ठरायचे त्याचा गुणांक ०.९० च्या खाली असू नये असा अभ्यासकांचा सर्वसाधारण आग्रह असतो. परंतु ०.९० हा आकडा पालकांना जितका दिलासा देतो तितका दिलासा त्यात नाही, हे थोडा हिशेब केला म्हणजे कळते. वेक्सलरच्या पद्धतीत सरासरी बुद्ध्यंक १०० आणि प्रमाण विचलन १५ धरतात. गुणांक ०.९१ असलेल्या उत्तम कसोटीतही एकेका गुणामागची प्रमाण त्रुटी ४.५ निघते. म्हणजे ज्या मुलाच्या कागदावर ७२ लिहिले आहे, त्याचा खरा गुण शंभरांपैकी पंचाण्णव वेळा ६३ आणि ८१ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, इतकेच खात्रीने म्हणता येते. बुद्ध्यंकाचा आकडा एकटा छापण्याची प्रथा मला म्हणूनच सदोष वाटते. तो नेहमी दोन टोकांसह लिहिला गेला पाहिजे, कारण टोके न दाखवता दिलेला आकडा कसोटीजवळ नसलेली अचूकता तिच्या पदरी बांधतो.

ही त्रुटी कागदावरच राहती तर तिचे एवढे अगत्य बाळगण्याचे कारण नव्हते. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ४ जानेवारी २०१८ रोजी केंद्र सरकारने दिव्यांगत्वाचे प्रमाण ठरविण्याच्या ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत बौद्धिक अक्षमतेची तीव्रता याच व्हाइनलँड श्रेणीच्या गुणांवर बसविली होती. सामाजिक गुणांक, म्हणजे सामाजिक वयाचे प्रत्यक्ष वयाशी शेकडा प्रमाण, ५५ ते ६९ असेल तर अक्षमता ५० टक्के. ७० ते ८४ असेल तर २५ टक्के. आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. आता दहा वर्षांच्या, म्हणजे १२० महिन्यांच्या, एका मुलाचा विचार करा. त्याचे सामाजिक वय सात वर्षे, म्हणजे ८४ महिने, निघाले तर गुणांक ७० येतो आणि दाखला २५ टक्क्यांचा मिळतो. तेच वय ८३ महिने निघाले तर गुणांक ६९ येतो आणि दाखला ५० टक्क्यांचा. एका महिन्याचे अंतर आणि सवलतीचे दार उघडे किंवा बंद! त्यातही या श्रेणीत त्या वयाच्या एकेका वर्षाला मोजकेच प्रश्न असल्यामुळे एकाच प्रश्नाच्या होय-नाहीने सामाजिक वय काही महिन्यांनी सरकते. आई संकोचाने म्हणाली की तो स्वतः आंघोळ करतो, किंवा थकून म्हणाली की त्याला काहीच जमत नाही, की आकडा रेषेच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तो ‘करतो का’ एवढ्यावर थांबत नाही. काल सकाळी आंघोळीच्या वेळी नेमके काय काय झाले, पाणी कोणी काढले, अंग कोणी पुसले, असा तपशील विचारतो, आणि दुसऱ्या एखाद्या नातेवाइकाकडूनही तीच हकीकत घेतो. विश्वसनीयता ही पुस्तिकेत छापलेली असते खरी, पण त्या त्या दिवशी, त्या त्या टेबलापाशी ती पुन्हा निर्माण करावी लागते, आणि दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर लांब रांग उभी असताना ती निर्माण होणे कठीण असते.

सप्रमाणतेचा मामला याहून गहन आहे, आणि त्याचे धडे व्हाइनलँडनेच जगाला दिले आहेत. डॉल यांच्याआधी त्याच संस्थेत हेन्री गॉडर्ड हे संशोधन-प्रमुख होते. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेळीच मदत मिळावी या हेतूने, जी बुद्धिकसोटी तयार केली, ती गॉडर्ड यांनी अमेरिकेत आणली आणि काही वर्षांनी न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर जहाजातून उतरणाऱ्या परदेशी माणसांवर चालविली. समुद्रप्रवासाने थकलेल्या, भयभीत झालेल्या, दुभाष्याच्या तोंडून प्रश्न ऐकणाऱ्या आणि कित्येकदा आयुष्यात प्रथमच हातात पेन्सिल धरणाऱ्या त्या ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन माणसांपैकी तपासलेल्यांतले सुमारे चारपंचमांश लोक मंदबुद्धी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला. एकाच माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले असते तर कदाचित तितकाच गुण आला असता. विश्वसनीयतेला बाध आला नसता. पण तो गुण बुद्धीचा नव्हता. अक्षरशत्रुत्व, परकी भाषा आणि भीती यांचे ते माप होते.

मॅलिन यांच्यापुढचे काम या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याची योग्यता ध्यानात येते. डॉल यांच्या मूळ श्रेणीत एकशे सतरा बाबी होत्या. त्यांत काट्याने जेवणे होते, सुरीने पावाला लोणी लावणे होते, घसरगाडी आणि चाकांचे जोडे वापरणे होते, आणि सांताक्लॉज खरोखर असतो ही समजूत मुलाने सोडून देणे हीदेखील एक बाब होती. न्यू जर्सीतील आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यांतील प्रत्येक गोष्ट त्याच्या वाढीची खूण असू शकते. ज्या नागपुरात बर्फ पडत नाही आणि पोळीचा घास बोटांनी मोडला जातो, तेथे या बाबींतले अपयश काहीच सांगत नाही. नागपूर रूपांतरात एकोणनव्वद बाबी आहेत, आणि ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. प्रश्नांची भाषा बदलली की रूपांतर झाले, असे मानणारे अनेक आहेत. परंतु कोणती कृती या समाजात कोणत्या वयाला येते, हे या समाजातल्या मुलांना पाहिल्यावाचून कळत नाही. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या आणि १९६० पासून महाराष्ट्रात आलेल्या या गावात मराठी बोलणारे घर आणि हिंदी बोलणारे घर भिंतीला भिंत लागून नांदत होते. असे पाहण्यासाठी याहून अनुकूल स्थळ क्वचितच मिळाले असते.

आणि पाहण्याचे हे काम एकदा करून संपत नाही, हे धरमपेठेत राहणाऱ्याला कोणी वेगळे सांगायला नको. शाळेत एकटे जाणे, शेजारपाजारी एकटे हिंडणे, या व्हाइनलँड श्रेणीतल्या जुन्या बाबी आहेत. झेंडा चौकापासून गोकुळपेठ बाजारापर्यंत सहा वर्षांचे पोर एकटे जाऊन कोथिंबीर घेऊन येत असे, त्या काळी ही बाब मुलाची जबाबदारी, दिशांचे भान आणि अनोळखी माणसाशी बोलण्याचे धैर्य मोजीत होती. आज वेस्ट हायकोर्ट रोडवरच्या रहदारीत कोणतेही शहाणे आईबाप सहा वर्षांच्या मुलाला एकटे सोडणार नाहीत. ट्रॅफिक पार्कात रहदारीचे सर्व नियम शिकलेले मूलही शाळेत व्हॅननेच जाते. मुलाचे सामर्थ्य तेच, प्रश्न तोच, आणि उत्तर मात्र नकारात्मक. डॉल यांनी याची तरतूद मुळातच केली होती : संधीअभावी मूल एखादी कृती करीत नसेल, पण करू शकेल असे दिसत असेल, तर त्याची नोंद निराळ्या खुणेने करावी आणि ते गुण बुडू देऊ नयेत. ही तरतूद वापरली जाते की घाईत साधा नकार मांडला जातो, यावर एखाद्या मुलाच्या माथी अक्षमतेचा शिक्का बसतो किंवा बसत नाही.

विश्वसनीयता पूर्ण असूनही सप्रमाणता शून्य असू शकते, याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. दहावीच्या निकालाच्या हंगामात आपल्या मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्यावरून त्याची बुद्धी, स्वभाव आणि योग्य अभ्यासक्रम सांगण्याचा व्यवसाय गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून पसरला आहे, आणि सुशिक्षित पालकही त्यासाठी हजारो रुपये मोजतात. बोटांवरच्या रेषा जन्माआधी ठरतात आणि आयुष्यभर बदलत नाहीत, त्यामुळे आज घेतलेला ठसा आणि दहा वर्षांनी घेतलेला ठसा यांत भेद सापडणार नाही. असा सुसंगतपणा वेक्सलरच्या कसोटीलाही लाभत नाही. म्हणूनच १८९७ साली कलकत्त्यास ठशांची जगातली पहिली कचेरी निघाली, आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी तेथे केलेल्या वर्गीकरणाच्या बळावर हा माणूस तोच आहे काय, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांना मिळू लागले. त्या एका प्रश्नापुरता ठसा सप्रमाण आहे. हा माणूस अभियंता व्हावा की गायक, या प्रश्नाशी त्या रेषांचा संबंध दाखविणारा कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही. ठसा तोच, शाई तीच, आणि एका निष्कर्षाला आधार आहे तर दुसऱ्याला मुळीच नाही. यावरून सप्रमाणता ही साधनाची नसून त्या साधनावरून काढलेल्या अनुमानाची असते, हे जितके स्वच्छ दिसते तितके पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने दिसत नाही. ली क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी १९५५ साली या विचाराचा पाया घातला, तेव्हापासून अभ्यासक कसोटी ‘सप्रमाण आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘कशासाठी आणि कोणासाठी’ असे विचारू लागले.

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची जी कल चाचणी घेतली गेली, तिच्याबाबतही हाच प्रश्न घराघरात चुकला. ती प्रथम आवड विचारीत होती, कृषी, कला, वाणिज्य, आरोग्य, गणवेशधारी सेवा इत्यादी सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणीकडे आहे ते सांगत होती. पालक मात्र तो कागद पात्रतेचा दाखला म्हणून वाचीत होते. अभिक्षमतेची भर तिच्यात नंतर पडली.

बुद्धी या संज्ञेखाली नेमके काय धरायचे, यावरही मापाचा अर्थ फिरतो. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३०–४० च्या दशकात बिने कसोटीचे कानडी आणि मराठी रूप सिद्ध करून १९४० साली ते ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा त्यांनी बुद्धी हा एकसंध गुण मानून मानसिक वय काढले. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने आपल्या कसोट्या जे. पी. गिलफर्ड यांच्या प्रतिमानावर बसविल्या, ज्यात बुद्धीच्या तब्बल १२० शक्ती कल्पिल्या आहेत. एकाच मुलाला दोन्हीकडे निराळे चित्र मिळाले तर त्यात खोटे कोणतेच नसते. परंतु आपल्या मुलाच्या कसोटीचा आकडा आणि शेजारच्या मुलाच्या कसोटीचा आकडा यांची तुलना दिवाणखान्यात केली जाते, ती मात्र निराधार असते.

आता ज्या दोषाची मला सर्वांत अधिक खंत वाटते त्याकडे येतो. कोणताही बुद्ध्यंक म्हणजे त्या वयाच्या इतर मुलांशी केलेली तुलना असते, आणि ती मुले कसोटी प्रमाणित झाली त्या काळची असतात. मॅलिन यांची श्रेणी प्रसिद्ध झाली तेव्हा नवे पैसे येऊन बारा वर्षे झाली होती आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी आणे-पै अजून होते; कामतांच्या काळी तर रुपयाचे सोळा आणे मोजल्याशिवाय बाजारहाट होत नव्हता. नाण्यांवरचा कोणताही प्रश्न या तीन पिढ्यांच्या मुलांना सारख्याच कठीणपणाचा वाटणार नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेतील जुन्या-नव्या प्रमाणकांची तुलना करून दाखविले की दर दशकाला तेथील मुले जुन्या मापावर सुमारे तीन गुणांनी पुढे सरकत होती. तो वेग जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. पण शाळा, आहार आणि दूरचित्रवाणी यांनी आपल्याकडच्या मुलांचे अनुभवविश्व १९६९ नंतर पालटले आहे हे उघड आहे. जुन्या प्रमाणकांवर मोजलेला गुण असा फुगलेला असेल, तर ज्याचा खरा बुद्ध्यंक ८० च्या आत आहे त्याचा कागदावर ८८ दिसू शकतो. २०१८ च्या त्याच सूचनांत, विशिष्ट अध्ययन-अक्षमतेची तपासणी पुढे नेण्यासाठी बुद्ध्यंक ८५ च्या वर असणे आवश्यक मानले होते, आणि तो मोजण्यासाठी मॅलिन यांची किंवा वेक्सलरची श्रेणी सांगितली होती. ज्या मुलाला मंद गतीने, धीराने सर्वच विषय शिकविण्याची गरज आहे, त्याला केवळ वाचनाची अडचण आहे असे ठरवून पुढे ढकलण्याचा धोका त्यातून निर्माण होतो. दोष मॅलिन यांचा नव्हे. त्यांनी आपल्या काळाचे माप आपल्या काळासाठी केले. ते अर्धशतक न बदलता वापरण्याचा निर्णय आपला आहे.

हे बदलण्यासाठी लागणारे श्रम मोठे आहेत, पण ते अज्ञात नाहीत. विदर्भातच एक वर्षापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक वयाची मुले पुरेशा संख्येने निवडावी लागतील, आणि ती धरमपेठ-रामदासपेठेची तितकीच गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या पाड्यांचीही असावी लागतील. कारण तेथील सात वर्षांचे मूल शेळ्या वळून संध्याकाळी एकही न हरवता घरी आणते, आठवडी बाजारात हिशेब करते, आणि त्याच्या या शहाणपणाला जुन्या बाबींत जागा नाही. प्रत्येक आईची मुलाखत तिच्या बोलीत दोघांनी स्वतंत्रपणे घ्यावी, महिन्याभराने काहींची पुन्हा घ्यावी, आणि श्रेणीने जे सांगितले ते मुलाच्या शिक्षकांच्या व डॉक्टरांच्या निरीक्षणाशी पडताळावे. शहर आणि पाडा यांची प्रमाणके एकच ठेवावीत की निराळी, हा प्रश्न त्यातून नक्कीच उभा राहील. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली आपल्या कृतियुक्त कसोट्या उत्तर भारतातील हजाराहून अधिक मुलांवर तपासल्या, तेव्हा साक्षर आणि निरक्षर मुलांची प्रमाणके त्यांनी वेगळी छापली होती. आपल्याला त्या मार्गाने जायचे, की सर्वांना समान असलेल्या बाबीच तेवढ्या निवडायच्या, याचा निर्णय आकडेवारी हाती आल्यावर घेता येईल. ती गोळा करण्यास १९२३ पासून विद्यापीठ असलेल्या या नगराने आरंभ करावा, असे मला मनापासून वाटते. आणि तोवर, ज्या पालकांच्या हाती आजचा कागद आहे त्यांनी तपासनिसाला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : या आकड्याची दोन टोके कोणती, माझ्या मुलाची तुलना कोणत्या सालच्या मुलांशी झाली, आणि संधीअभावी न जमलेल्या गोष्टी कोणत्या खुणेने मांडल्या.